सून बसली का दुखत नाई

दवाखाना चांगला का वाईट, हे ओळखायचं कसं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझी नातसून परवा म्हणाली, "आजी, आता दवाखान्यांना नंबर देतात. हृदयाच्या झटक्याचे पेशंट कुठं चांगले सांभाळतात, त्यावरून." मी म्हटलं, देत असतील बाई. पण तो नंबर देणाऱ्याला मला एक विचारायचं आहे, की बाबा, तू विचारलंस कोणाला, आणि विचारलंस तेव्हा तिथं कोण बसलं होतं?

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी काहीतरी भलतंच बोलते. म्हणून हे लिहायला घेतलं. शाळेत मी गेले नाही, लग्न झाल्यावर धाकट्या दिराच्या पुस्तकात बघून बघून अक्षरं लावायला शिकले. तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

एकोणीसशे पन्नासच्या पुढची सालं होती. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पलीकडं, धानाचं. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, आधी आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांचा घेर मोजायच्या कामावर होते. म्हातारपण लागलं तसे शेतीवर आले. अंगानं रोड पण ताठ, बोलणं मोजकं. घरात यायचं तर अंगणातूनच खाकरत, म्हणजे मला पदर सावरून आत व्हायला वेळ मिळावा. मी त्या घरात सून होऊन आले त्याला काही वर्षं झाली होती, पण मामाजींशी एक शब्द बोलले नव्हते. तशी रीतच नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगत.

त्या वर्षी धानाची कापणी झाली होती आणि शेताच्या बांधीत पुंजणे, म्हणजे भाऱ्यांच्या गंजी, रचणं चालू होतं. मामाजी वर उभे राहून खालून फेकलेले भारे झेलत होते. मधेच उतरले, बांधावर बसले, आणि दिराला म्हणाले, "पानी दे." थंडीचे दिवस, आणि सदरा घामानं पिळून काढावा असा ओला. घरी आणलं. सासूबाईंनी ओवा चावायला दिला, पोटावर हिंग लावलं, वीट तापवून छाती शेकली. "वायगोळा हाय, उतरते," म्हणाल्या. शेजारचा एक जण म्हणाला, बेंबी सरकली. दुसऱ्या दिवशी तोंड राखेसारखं दिसायला लागलं तेव्हा कुठं दिरानं रेंगी, म्हणजे आमची लहान बैलगाडी, जुंपली, आणि ब्रह्मपुरीहून छोट्या रुळाच्या आगगाडीनं आम्ही त्यांना चांद्याकडच्या एका दवाखान्यात नेलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात चूक कोणाची, तेच मला ठरवता आलं नाही.

आमचे 'हे' आलापल्लीच्या पुढं जंगलतोडीच्या कामावर होते, निरोप कधी पोचणार त्याचा नेम नव्हता. दीर धान सांभाळायला परत गेला. दवाखान्यात राहिलो सासूबाई आणि मी.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी छाती ऐकली, एक सुई दिली, आणि मामाजी झोपी गेले. मग आम्हाला म्हणाले, "हृदयाचा झटका आहे. आता यांनी हलायचं नाही. उठायचं नाही, बसायचं नाही. जेवण चमच्यानं भरवायचं. कूस बदलायची तर सिस्टर बदलून देईल."

"मंग इलाज काय करान?" सासूबाईंनी विचारलं.

"हाच इलाज."

"पडून राह्यनं?"

"हो. कित्येक आठवडे."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. डॉक्टर गेल्यावर म्हणाल्या, "घरी का उभे होते ते? पडूनच तं होते. मंग येवढ्या दूर कायले आनलं वं?"

आमच्याकडं माणसाला असं उताणं निजवून, चमच्यानं पाणी पाजून, कोणी हलवू नका म्हणतात ते फक्त शेवटच्या वेळी. मला तर वाटत होतं की डॉक्टरनं आशा सोडली आणि आपल्याला तोंडावर सांगत नाही. पलीकडच्या खाटेवर एकाच्या नाकाला नळी लावली होती. त्याच्या बायकोला सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याले बरं बाई, नळी तं हाय." ती बिचारी रडायला लागली. तिला नळी म्हणजे वाईट वाटत होती, आम्हाला नळी नाही म्हणजे वाईट.

रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि विचारायचे, "बाबा, छातीत दुखते का?"

"नाई," मामाजी म्हणायचे.

"काहीच नाही?"

"नाई."

डॉक्टर खूश. सिस्टर खाटेच्या कागदावर लिहायची. सुई लागायची ती फक्त दुखलं तर, आणि मामाजींना तर काही दुखत नव्हतं.

पण सासूबाई मला वेगळंच सांगायला लागल्या. दवाखान्याच्या मागं चिंचेखाली सगळ्यांच्या चुली होत्या, तीन दगडांच्या. मी तिथं तांदळाची पेज करायला जायची. एक दिवस सासूबाई धावत तिथं आल्या. "ते कन्हून राह्यले. छातीवर हात ठेवून कन्हून राह्यले. चाल." मी पेज तशीच ठेवली आणि धावले. आत गेले तर मामाजी शांत, डोळे मिटलेले.

"आता दुखते का जी?" सासूबाईंनी विचारलं.

"नाई."

असं एकदा झालं, परत झालं. मी चुलीजवळ गेले की दुखायचं, मी आले की थांबायचं. सासूबाईंनी हे सगळं मनात जुळवलं, आणि एका दुपारी माझा हात धरून मला खाटेच्या पायथ्याशी बसवलं. "तू इथीच बसजो. पेज मी करतो. तू बसली का त्याइचं दुखत नाई."

आता ह्या सासूबाई कोण, ते सांगायला पाहिजे. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी आमचा एक बैल मेला आणि विहिरीची एक बाजू खचली. तेव्हापासून माझा पायगुण हा त्यांच्या बोलण्यातला कायमचा विषय. दूध नासलं तरी माझा पायगुण. आणि आता त्याच बाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "माह्या सुनेचा पायगुण पाहा. ती बसली का दुखनं पळते." पलीकडच्या खाटेवाली म्हणाली, "मंग घडीभर आमच्याइकडे बी बसवा नं तिले." सासूबाई म्हणाल्या, "बसवतो, आधी आमच्याइचं होऊ द्या." जसं काही मी उखळ आहे, उसनं द्यायला.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मला वाटलं, असेलही. माणसाच्या पायात काय असते हे माणसाला कुठं ठाऊक असते? मी पदर पुढं ओढून खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसायची. सकाळ, दुपार. मामाजी "नाई" म्हणायचे आणि मला वाटायचं, हे 'नाई' माझं आहे.

पण पायथ्याशी बसलेल्या बाईला काय दिसणार? पाय दिसणार. चादरीतून मामाजींची पावलं बाहेर यायची. मधूनच ती बोटं आखडायची. अशी आखडायची, जशी चिखलात घसरताना माणूस रोवतो. पांढरी पडायची. मग केव्हातरी सुटायची. वरून मात्र आवाज नाही, एक हुंकार नाही. आणि खाटेची लोखंडी पट्टी बारीक थरथरायची, कारण दुसरीकडून त्यांनी ती हातानं धरलेली असायची.

मी पार गोंधळून गेले. डॉक्टर म्हणतात दुखत नाही. मामाजी स्वतःच म्हणतात दुखत नाही. सासूबाई म्हणतात तुझ्यामुळे दुखत नाही. मग ही बोटं काय सांगतात? बरं, बोलावं तरी काय? सुनेनं सासऱ्याच्या अंगाकडं बघायचं नसते. "मामाजींचे पाय असे असे होतात," हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? आणि मी सांगितलं म्हणजे मामाजी खोटं बोलतात असंच म्हटल्यासारखं झालं. सासूबाईंना एकदा हळूच म्हटलं, "आत्याबाई, पाय आखडतात त्याइचे." त्या म्हणाल्या, "थंडी हाय. पायावर घोंगडं टाक." मी घोंगडं टाकलं. त्यानंतर बोटंही दिसेनाशी झाली.

त्याच सुमारास नागपूरचे एक मोठे डॉक्टर आले. ते गावोगावच्या दवाखान्यांत फिरून बघत होते, की छातीच्या झटक्याच्या पेशंटला कसं सांभाळतात. किती उशिरा आणलं, आल्यावर काय दिलं, दुखणं केव्हा थांबलं, घरी चालत गेला का. त्यांच्याबरोबर एक पेटी होती. ती उघडून त्यांनी मामाजींच्या हातापायाला पट्टे बांधले, आणि पेटीतून कागदाची पट्टी बाहेर यायला लागली, तिच्यावर वरखाली रेघा.

मामाजी डेपोतले माणूस. त्यांनी आपणहून विचारलं, "हे काय मोजते, साहेब?"

"तुमचं काळीज कसं चाललं आहे ते."

"घेर?"

"घेर नाही बाबा. चाल."

मामाजींनी मान हलवली. ओंडक्याला चाल नसते, असं काहीतरी मनात आलं असेल. पट्टे सोडल्यावर सासूबाईंना वाटलं, मोठा इलाज झाला. नळी नाही मिळाली, पण पेटी तर लागली. त्यांनी पलीकडच्या खाटेकडं असं पाहिलं, की विचारू नका.

मोठे डॉक्टर ती पट्टी बघत उभे राहिले. मग आमच्या डॉक्टरांना म्हणाले, "पट्टी मला काही बरी दिसत नाही. आणि तुमच्या कागदावर तर पहिल्या दिवसापासून दुखणं बंद. इतकं लवकर मी कुठंच पाहिलं नाही."

आमचे डॉक्टर जरा फुलले. "रोज विचारतो, सर. एकदाही हो म्हणाले नाहीत. पुढच्या आठवड्यात उठवून बसवावं, मग घरी पाठवावं असा विचार आहे."

"बाई," मोठे डॉक्टर सासूबाईंकडं वळले, "यांना कशानं उतार पडला? सुईनं, का गोळीनं?"

"सुईचं मले काय समजते, भाऊ? सून बसली का दुखत नाई."

सगळे हसले. सिस्टरसुद्धा हसली. मोठे डॉक्टर म्हणाले, "मग हे औषध बाटलीत भरून नागपूरला न्यावं लागेल." आमचे डॉक्टर जमिनीकडं बघायला लागले. मी पदर अजून पुढं ओढला.

मग ते पुढच्या खाटेकडं गेले, मग दुसऱ्या खोलीत, आणि मला एकच दिसत होतं की हे आता निघून जातील. मामाजींना उठवून बसवतील, चालवतील. घरी पाठवतील. आणि घरी गेल्यावर ते पुंजण्याकडंच जाणार, कारण त्यांना काही दुखत नाही. कागदावर आहे ना.

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी खांबाकडं तोंड केलं आणि खांबाला सांगितल्यासारखं म्हटलं, "त्याइचं दुखते."

ते थांबले. "कोणाचं? तुमच्या सासऱ्यांचं? तुम्हाला कसं माहीत?"

"पाय."

"पाय दुखतात?"

"नाई. पाय सांगतात."

त्यांना काही समजलं नाही, आणि मला याहून धड सांगता येईना. "ते स्वतः नाही म्हणतात ना?"

"हाव."

"मग खोटं कशाला बोलतील?"

"मले ठाऊक नाई," मी म्हटलं, आणि मला खरंच ठाऊक नव्हतं.

मग ते म्हणाले, "तुम्ही इथंच थांबा. आत येऊ नका." ते परत आत गेले. खिडकी उघडी होती. आत ते काय बोलले ते ऐकू आलं नाही. मग सासूबाईंचा आवाज आला, "नाई जी, ती बाहेर गेली." आणि मग, मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, मामाजींचा कण्हण्याचा आवाज ऐकला. "माय वो," म्हणाले. "माय वो, इथी. इथी दाबून राह्यलं." म्हातारा माणूस, आणि लहान लेकरासारखा आईला हाक मारत होता.

तिथं खांबाला धरून उभी असताना मला कळलं. मर्यादा सुनेलाच असते असं लोकांना वाटते. सासऱ्यालाही असते. सुनेसमोर कण्हायचं नाही, सुनेसमोर अंगाचं दुखणं काढायचं नाही. मी समोर नसले की ते मोकळे व्हायचे, मी आले की तोंड मिटायचे. आणि डॉक्टर विचारायचे ते नेमकं मी समोर असताना. मी औषध नव्हते. मी त्या तोंडावरचं झाकण होते.

मामाजींना लगेच सुई दिली. उठवायचं राहिलं. जिभेखाली ठेवायची बारीक गोळी सुरू केली. मोठे डॉक्टर जाताना आमच्या डॉक्टरांना म्हणाले, "आता मी काय लिहू सांगा. बाकीच्या सगळ्या दवाखान्यांत मी असंच विचारत आलो. तिथं खाटेजवळ कोण कोण बसलं होतं, मला काय माहीत?" त्यांच्या तोंडावर मला माझाच गोंधळ दिसला.

सासूबाई चुलीजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे मीच तुले बसवून बसवून त्याइले मारत होती?" मी म्हटलं, तसं नाही आत्याबाई. "मंग कसं?" मी चुलीत लाकूड सारलं. त्याच म्हणाल्या, "पायगुन पायगुनच असते. उगाच का बैल मेला होता." मला हसूच आलं, आणि मग त्याही हसल्या, डोळ्याला पदर लावून.

त्यानंतर मी बाहेर व्हरांड्यात बसायची. मामाजी दोन दिवस भिंतीकडं तोंड करून होते. त्यांना माहीत होतं, की मी ऐकलं. पण मग पेज घ्यायला लागले, रंग आला, आणि आठवडे उलटल्यावर आम्ही त्यांना छोट्या गाडीनं आणि मग रेंगीत गवत घालून, निजवून, घरी आणलं. गावात सगळे म्हणाले, दवाखाना चांगला हाय. कोणी म्हणालं पेटीनं वाचवलं, कोणी म्हणालं सुईनं.

मग उन्हाळा आला. मोहफुलं पडायला लागली की आमच्याकडं घरात कोणी राहत नाही. सासूबाई पहाटेच बायकांबरोबर मोहाखाली गेल्या होत्या, दीर बाजाराला. मामाजी छपरीत खाटेवर, मी आत जात्यावर. बाहेरून खाकरल्याचा आवाज आला नाही. हाक आली.

"बाई."

मी जातं थांबवलं. त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. मला वाटलं दारात दुसरं कोणी आलं असेल.

"बाई, मले दुखून राह्यलं."

मी बाहेर आले, तेव्हा पदर डोक्यावर होता का नव्हता, मला आठवत नाही. मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. "कुठी दुखते, मामाजी?" मी विचारलं. मी त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द. त्यांनी सांगितलं. छातीच्या मधोमध, मग डाव्या खांद्यात, मग कोपरापर्यंत. आधी कसं होतं, आता कसं आहे. ओंडका मोजून सांगावा तसं सांगितलं, काही ठेवलं नाही. शेजाऱ्यांनी रेंगी जुंपली. गाडी मिळाली. सगळ्या वाटेत ते सांगत होते आणि मी ऐकत होते, आणि दवाखान्यात तेच सगळं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, माझ्यासमोर. डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. सुई दिली, नळी लावली. दुखणं थांबलं म्हणाले, आणि ह्या वेळी बोटं सैल होती, मी पाहिलं.

संध्याकाळच्या आत मामाजी गेले.

डॉक्टर म्हणाले, जे करायचं ते सगळं वेळेत केलं. ते खरंच होतं. मागच्या वेळी सगळं उलटंसुलटं झालं आणि माणूस घरी आला. ह्या वेळी सगळं नीट झालं आणि आला नाही. मी तिथं पायरीवर बसून हे जुळवत होते, आणि ते काही केल्या जुळेना.

सासूबाई दिराबरोबर उशिरा पोचल्या. आत जाऊन आल्या. मग माझ्याजवळ पायरीवर बसल्या. त्यांच्या हाताला मोहाचा वास येत होता.

"लय दुखलं का वं त्याइले?"

"दुखलं, आत्याबाई. मंग थांबलं."

"तुले कसं समजलं?"

"त्याइनंच सांगतलं."

"तुले?"

"हाव."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "माह्यासमोर कन्हत होते. पन मले असं बोलावून, बसवून, कधी सांगतलं नाई," त्या म्हणाल्या. हे त्या रागानं म्हणाल्या, का दुःखानं, का माझ्यावर माया म्हणून, ते मला तेव्हा समजलं नाही. मग त्यांनी विचारलं, "काय काय म्हनले?" आणि मी सुरुवातीपासून सांगायला लागले, हाक मारली तिथपासून.